मूळ नक्षत्र आणि माझं जोडपं

मी काय काम करते हे आमच्या सोसायटीत नीट कुणालाच माहीत नाही. वॉचमनच्या मते "मॅडम का कॉम्प्युटर का काम है." समोरच्या गुजराती मासी सगळ्यांना सांगतात की मी सॅटेलाइट चालवते. आणि आमची आई अभिमानाने सांगते, "ती एका जोडप्यावर पीएचडी करतेय." हे ऐकून दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई सुनेच्या भांडणाबद्दल माझा सल्ला घ्यायला आल्या होत्या. मी तो दिलाही.

जोडपं म्हणजे क्ष-किरण जोडतारा. एक नेहमीसारखा तारा आणि दुसरा मेलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गोळा, असे दोघं एकमेकांभोवती फिरत असतात. गोळा शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो. ओढताना तो वायू इतका तापतो की त्यातून क्ष-किरण निघतात. कधीकधी त्याहून कितीतरी जोरकस असे गॅमा किरणही निघतात, आणि ते कधी आणि का निघतात हा माझ्या प्रबंधाचा विषय. आईला हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे एक कमावतो आणि दुसरा ओरबाडतो. मग त्यासाठी एवढ्या लांब कशाला बघायचं?"

लोकांना वाटतं मी रात्र रात्र गच्चीवर दुर्बिणीला डोळा लावून बसत असेन. तसं काही नाही. गॅमा किरण हवेतून खाली पोचतच नाहीत, म्हणून त्यांची दुर्बीण पृथ्वीभोवती फिरत ठेवावी लागते. ती काही तासांत अख्खं आकाश नजरेखालून घालते आणि जे टिपलं ते खाली पाठवते. ते सगळं जगात कुणालाही फुकट उतरवून घेता येतं. मी पूनम सागर या आमच्या सोसायटीतल्या घरात, जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला बसून सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ते उतरवून घेते. दुसऱ्या बाजूला आई भाजी निवडत असते. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे आहे आणि त्यात मी बहुतेक वेळा चुकते.

पाच वर्षं माझ्या जोडप्याने तोंड उघडलं नाही. क्ष-किरणांत ते झगझगीत दिसायचं, गॅमा किरणांत मात्र नाव नाही. माझ्याबरोबरचे सगळे प्रबंध देऊन मोकळे झाले, आणि मी आपली रोज सकाळी सपाट रेघ बघून चहा घेत होते. मग गेल्या वर्षी, माझ्या आधीच्या एका सीनिअरने लिहिलेल्या प्रोग्रॅमने सगळी जुनी माहिती एकत्र रचून बघताना, रेघ मध्येच वर आलेली दिसली. पुन्हा काही दिवसांनी वर. मोजलं तर दर सत्तावीस-साडेसत्तावीस दिवसांनी उसळी येत होती. हे जोडपं एकमेकांभोवती किती दिवसांत फेरी मारतं हे आजवर कुणालाच कळलेलं नव्हतं, आणि ते आता मला कळलं होतं! मी टेबलावरून उठून घरभर फिरले. आईने विचारलं, "काय गं, पाल आहे का?"

माझे गाइड असलेले सर पुण्याला असतात. फार शांत माणूस, पण ज्योतिष आणि पंचांगाचं नाव काढलं की त्यांचा आवाज चढतो. त्यांनी माझी रेघ बघितली आणि फोनवर पहिला प्रश्न विचारला, "सूर्य आणि चंद्र काढलेस ना?" आमच्या कामात हा प्रश्न भाजीत मीठ घातलंस ना, इतका साधा असतो. मी म्हटलं, "हो सर." हे दोघे आपल्या ताऱ्याजवळून जातात तेवढा वेळ हिशोबातून गाळायचा असतो, आणि सीनिअरचा प्रोग्रॅम ते आपोआप करतो, हे मला माहीत होतं. दुर्बिणीची स्वतःची कक्षा डुलते, तिचा तर खोटा परिणाम नाही ना, हे मी पंधरा दिवस खपून तपासलं. तो नव्हता. क्ष-किरणांत उसळीच्या दिवशी काहीच वाढत नव्हतं, त्याचंही एक छानसं कारण मी शोधून काढलं. कारणं शोधण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

सर म्हणाले, "आता आधी तारखा सांग आणि मग उसळ्या दाखव. अशा सलग चार दिसल्या की पेपर पाठवू. तोच तुझ्या प्रबंधाचा कणा." म्हणजे चार उसळ्या दिसल्या तर पाच वर्षं सार्थकी लागणार, नाही दिसल्या तर माझ्या हातात काही नाही. मी चार तारखा कागदावर लिहिल्या, प्रत्येकीला लाल गोल केला आणि कागद फ्रिजवर लावला. माहिती खाली उतरली की तासाभरात बघायची आणि उसळी दिसली की दुसऱ्या एका क्ष-किरण दुर्बिणीवाल्यांना कळवायचं, असं ठरलं होतं. त्यामुळे घरात फर्मान काढलं की या दिवशी मला कुणी कुठे न्यायचं नाही, काही आणायला पाठवायचं नाही, पाहुणे बोलवायचे नाहीत.

पहिल्या लाल गोलाच्या दिवशी सकाळीच वहिनीला कळा सुरू झाल्या. दादा-वहिनी पलीकडच्याच इमारतीत राहतात. सगळे हॉस्पिटलात धावले आणि मी लॅपटॉपसमोर बसून राहिले. दुपारी दादाचा फोन आला की मुलगी झाली. त्याच्यानंतर वीस मिनिटांनी माझी उसळी आली. मी दोन्ही बातम्या सरांना एकदम सांगितल्या. भाचीला मात्र मी दुसऱ्या दिवशी बघितलं, याबद्दल वहिनी अजून अधूनमधून टोमणा मारते आणि तो मला लागतो.

आमचे गुरुजी भाईंदरला नवघरात राहतात. बाळाची वेळ ऐकून त्यांनी सांगितलं की जन्म मूळ नक्षत्रावरचा आहे, शांत करावी लागेल. मूळ नक्षत्रावरचं मूल बापाला जड जातं, मुलगी असली तर पुढे सासऱ्यालाही, शांत होईपर्यंत बापाने त्याचं तोंड बघू नये, असं मानतात. दादा तर पहिल्याच तासात फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकून मोकळा झाला होता. आईचा चेहरा उतरला. आमचं घर रत्नागिरीकडचं. मुंबईत आणि नंतर इथे इतकी वर्षं काढूनही असल्या गोष्टी आईच्या आत तशाच आहेत. मी आणि दादाने तिची भरपूर थट्टा केली. "मी आकाशावर डॉक्टर होणार आणि माझ्या घरात नक्षत्राची शांत!" वगैरे.

गुरुजींनी सत्ताविसाव्या दिवसाची तारीख दिली. आईने मला विचारलं तेव्हा मी फ्रिजकडे बोट दाखवलं. दुसरा लाल गोल.

"नाही जमणार आई. त्या दिवशी माझी नजर हलली तर पाच वर्षं फुकट जातील."

"अगं, अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"मग माझ्याशिवाय करा."

पण आत्याशिवाय कसं करणार, म्हणून आईने शांत पुढे ढकलली. उसळी आली, सर खूश झाले. पुढच्या महिन्यात गुरुजींनी व्हॉट्सॲपवर दुसरी तारीख पाठवली. तिसरा लाल गोल! या वेळी मी चिडलेच. म्हटलं, या माणसाला महिन्याचे तीस दिवस सोडून नेमका माझाच दिवस सापडतो का? आईने गुरुजींना फोन लावून पुन्हा पुढे ढकलली. तिसरीही उसळी अगदी वेळेवर आली.

चौथी तारीख गुरुवारची होती. त्याआधीच्या रविवारी सकाळी मी पेपरचा मसुदा शेवटचा वाचत होते. आई फोन कानाला लावून स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि फोनवर हात ठेवून म्हणाली, "गुरुजी विचारतायत, या गुरुवारी करायची का?"

"गुरुवारी? आई, गुरुवारी माझी शेवटची उसळी आहे! त्यांना दुसरा कुठला वार माहीत नाही का?"

"ते म्हणतायत, दुसऱ्या दिवशी कशी करणार, मूळ नक्षत्र त्याच दिवशी येतं." आणि मग हात काढायचं विसरून ती म्हणाली, "तुझं आणि त्या मूळ नक्षत्राचं काय वाकडं आहे गं? ते आलं की तुझं काम निघतं."

मी उठून फ्रिजवरच्या कागदासमोर गेले.

नक्षत्र म्हणजे दुसरं काय? चंद्र त्या दिवशी आकाशाच्या कोणत्या भागात आहे, एवढंच. सव्वासत्तावीस दिवसांत तो एक फेरी मारून त्याच नक्षत्रात परत येतो. मूळ नक्षत्र विंचवाच्या नांगीपाशी सुरू होतं आणि माझं जोडपं त्याच भागात, चंद्राच्या वाटेला अगदी लागून आहे. हे मला कुणी परीक्षेत विचारलं असतं तर मी झोपेत सांगितलं असतं. चंद्र गॅमा किरणांत चांगला चमकतो हेही मला ठाऊक होतं. अवकाशातून वेगाने येणारे कण त्याच्या उघड्या जमिनीवर आदळतात आणि त्यातून गॅमा किरण उडतात. अमावस्या असो नाहीतर पौर्णिमा, त्याला काही फरक पडत नाही. सगळं मला माहीत होतं आणि तरी मी फ्रिजवर गुरुजींच्याच तारखा लावून त्यांनाच शिव्या देत होते. भाचीच्या जन्मतारखेलाही मी तिच्या जन्माच्या आधीच लाल गोल केला होता.

"करायला सांग," मी म्हटलं.

सीनिअरचा तो प्रोग्रॅम मी वर्षभर चालवत होते, पण पूर्ण उघडून कधी वाचला नव्हता. आता वाचला. सूर्य गाळायची ओळ होती. तिच्या खाली चंद्र गाळायची ओळ होती आणि तिच्या पुढे ती बंद ठेवल्याची खूण. शेजारी लिहिलेलं: चंद्राची फाइल मिळत नाहीये, तात्पुरतं बंद. मी ती फाइल शोधली, दहा मिनिटांत मिळाली. ओळ चालू केली आणि सगळा हिशोब पुन्हा लावला. त्याला पाच तास लागणार होते.

ते पाच तास मी घरात बसू शकले नसते. गुरुजींनी सत्तावीस झाडांची पानं आणायला सांगितली होती. ती आणायला बाबा स्कूटर काढत होते, मी मागे बसले. सोसायटीच्या आवारातच आंबा, बदाम आणि कडुनिंब मिळाले. वॉचमन "मॅडम, सोसायटी का पेड है" म्हणत आला, पण कारण ऐकल्यावर त्याने स्वतःच उंच उडी मारून पेरूची फांदी वाकवली. मग काशीमिऱ्याचा सिग्नल ओलांडून घोडबंदर रस्त्याने आम्ही चेणे गावात गेलो. तिथे अजून झाडं नावाने ओळखणारी माणसं आहेत.

बाबा निवृत्त होईपर्यंत एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. वड, पिंपळ, उंबर असं करत आम्ही एकोणीसपर्यंत आलो तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. सरांना "हो" म्हटलं होतं, तेही सांगितलं. खरं तर तेवढंच मला सांगायचं होतं. उसळ्या गेल्या तर वाईट वाटणारच होतं, पण न बघता "हो" म्हटल्याची मला भयंकर लाज वाटत होती.

बाबांनी एक पान पिशवीत टाकलं. "पेपर गेला का छापायला?"

"नाही, गुरुवारनंतर जाणार होता."

"मग रडतेस कशाला? मला माझ्या छापून गेलेल्या चुका अजून पाठ आहेत. आधी सापडलेली एकसुद्धा आठवत नाही. हे कोणतं झाड गं?"

ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. पलीकडे अंगणात एक म्हातारी मासळीची टोपली धूत होती. तिने आमची पिशवी बघितली आणि हसली. "कोनाची शांत हाय?"

"माझ्या भाचीची. मूळ नक्षत्र आहे."

"तिचा काय येवढा! माजा जलम पन त्यावरचाच हाय. काय व्हत न्हाय. सासरा माजा नव्वदी पार करून गेला. ता झार करंजाचा हाय, घ्या." मग तिने हात पुसले आणि उरलेली झाडं आम्हाला चालत चालत दाखवली. शेवटची बेलाची पानं तिने स्वतःच्या दारातली तोडून दिली.

घरी आलो तेव्हा हिशोब संपला होता. मी उभ्यानेच बघितलं. रेघ सपाट. एकही उसळी नाही, माझं जोडपं पाच वर्षांत एकदाही बोललेलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. आईने काही न विचारता समोर पोहे ठेवले. ते खाऊन मी सरांना फोन लावला.

"सर, चंद्र काढलेला नव्हता."

"तू हो म्हणाली होतीस."

"हो सर. मला तसं वाटत होतं. मी बघितलं नव्हतं."

"किती उसळ्या उरल्या?"

"एकही नाही."

"कळलं कसं तुला?"

पेपर पाठवण्याआधी पुन्हा तपासत होते, असं सांगता आलं असतं. पण न बघता म्हटलेला एक 'हो' पुरे झाला, असं वाटलं आणि मी गुरुजींपासून करंजाच्या झाडापर्यंत सगळं सांगितलं. पंचांगाचं नाव निघालं तसा मी फोन कानापासून जरा लांब धरला.

"म्हणजे," सर सावकाश म्हणाले, "गुरुजींच्या सगळ्या तारखा बरोबर होत्या."

"हो सर."

"आणि आपल्या?"

"आपल्याही बरोबर होत्या सर. फक्त त्या चंद्राच्या होत्या."

सर हसायला लागले. मी त्यांना इतकं हसताना कधी ऐकलं नव्हतं, मागून त्यांच्या पत्नी काय झालं म्हणून विचारत होत्या. मग ते म्हणाले, "दिसत नाही, असाच पेपर लिही. किती अंधूक असेल तर आपल्याला दिसणार नाही, ती मर्यादा काढ. तेही कुणीतरी सांगायलाच हवं. आणि चंद्राचं प्रकरण शेवटी जोड, म्हणजे दुसरं कुणी यात पडणार नाही. प्रबंध होईल, वर्षभर उशीर होईल. शिवाय चूक माझीही आहे, मी तुझ्या 'हो'वर थांबलो." फोन ठेवताना त्यांनी भाचीचं नाव काय ठेवलं तेही विचारलं.

गुरुवारी शांत झाली. सत्तावीस पानं मोजून ठेवली, तांब्यांना दोरे गुंडाळले, होमाचा धूर झाला तसा मासींनी आपला दरवाजा लावून घेतला आणि नंतर प्रसादाला उघडला. दादाने आधी तेलाच्या वाटीत पडलेलं मुलीचं प्रतिबिंब बघायचं होतं. ज्याच्या फोनमध्ये तिचे शेकड्याने फोटो होते तो माणूस वाटीवर वाकला आणि त्याचे डोळे भरून आले. भाची माझ्या मांडीवर होती, माझ्या ओढणीचं टोक चोखत. चंद्र त्या वेळी माझ्या जोडप्याच्या शेजारून चालला होता आणि मला तिकडे बघायचं काही कारण नव्हतं. फार दिवसांनी मी इतकी मजेत होते.

सगळे जेवून गेल्यावर आई तेलाची भांडी घासायला घेत होती. मी भाचीला वहिनीकडे दिलं आणि आईच्या मागे गेले.

"आई, एक सांग. हे लवकर करायचं असतं ना? मग तू माझ्यासाठी दोनदा पुढे का ढकललंस?"

"गुरुजी रागावले माझ्यावर," आई पाठमोरीच म्हणाली. "म्हणाले, बापाच्या जिवाशी खेळताय तुम्ही. अडीच महिने दादा कामावर गेला की परत येईपर्यंत मी दाराशी असायचे. तुम्ही हसाल म्हणून बोलले नाही."

"मग मला ओरडायचं होतंस! माझ्याशिवाय करायचं होतंस!"

"तू म्हणालीस ना, नजर हलली तर पाच वर्षं फुकट जातील. मला काय कळतंय त्यातलं? तू म्हणालीस म्हणजे असेल."

सरांना फोन करताना वाटली नव्हती इतकी लाज मला त्या मोरीपाशी वाटली. मी मागूनच तिला मिठी मारली.

"अगं, हात तेलकट आहेत माझे," आई म्हणाली, पण हलली नाही.